इंजिन बांधून आलं, आता नॉक करतंय: ऑक्टाव्हिया १.८ टर्बो टायमिंगच्या वाटेने कशी तपासायची

फुल इंजिन काम करून गाडी बाहेर येते. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की बोनेटखालून डब्यात चणे हलवल्यासारखा आवाज येतो. हे नॉक: सिलिंडरमधलं मिश्रण ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच स्वतःहून भडकतं. मग पहिला सल्ला ठरलेला असतो: "टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) जरा मागे घेऊ, बसेल." कॉन्टेसा किंवा जुन्या एस्टीमच्या काळात हा सल्ला चालून जायचा. डिस्ट्रिब्युटरचा नट सैल करायचा, बॉडी किंचित फिरवायची, काम झालं. छत्रपती संभाजीनगरजवळच्या (तेव्हाचं औरंगाबाद) शेंद्र्यात जुळवलेल्या पहिल्या पिढीच्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसमध्ये मात्र फिरवायला काहीच नाही. तिच्या वीस व्हॉल्व्हच्या १.८ लिटर टर्बो इंजिनाला डिस्ट्रिब्युटरच नसतो. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते आणि ठिणगी कधी पाडायची ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो. क्रँकशाफ्टवरच्या दातेरी चाकाचे दात मोजून तो हे ठरवतो.

त्यामुळे या इंजिनावर "टायमिंगचा प्रॉब्लेम" म्हणजे चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात: बेल्ट किंवा चेन चुकीची बसली आहे, सेन्सर खोटं सांगतोय, सिलिंडरमध्ये खरोखरच नॉक होतंय म्हणून ईसीयू ठिणगी मागे ओढतोय, किंवा नॉक मुळीच नाही आणि ईसीयू दुसराच आवाज ऐकून घाबरलाय. चारही वेळा गाडी चालवणाऱ्याला एकच जाणवतं: पिकअप मेलं. कुठली गोष्ट आहे ते शोधायचा क्रम खाली दिला आहे. स्वस्त आणि हाताने तपासता येणारं आधी, महाग आणि उघडावं लागणारं शेवटी. हाच क्रम त्याच काळातल्या फोक्सवॅगन-आउडीच्या १.८ टर्बोलाही बहुतांशी लागू पडतो.

आधी पाय काढा

चाचणीच्या फेऱ्या सोडल्या तर तपास पूर्ण होईपर्यंत बूस्टमध्ये, म्हणजे टर्बो जादा हवा कोंबत असताना, गाडी चालवू नका. नैसर्गिक श्वास घेणाऱ्या इंजिनात हलकं नॉक महिनोनमहिने खपतं. टर्बोमध्ये सिलिंडरमधला दाब इतका जास्त असतो की एकाच लांब चढावर पिस्टनची रिंग-लँड (रिंगांमधला कडा) तुटू शकते. अर्ध्याहून कमी अ‍ॅक्सिलरेटर, गिअर एक खाली आणि आरपीएम जरा वर ठेवून गाडी घरी आणा. पाचव्या गिअरमध्ये दीड हजार आरपीएमवर घाट चढवणं ही नॉकला सगळ्यात आवडती परिस्थिती आहे. खंबाटकी असो की कसारा, तिथे प्रयोग करायचे नाहीत.

इंजिनात रिमॅप (ईसीयूची बदललेली फाइल) टाकलेला असेल तर तपासापुरती मूळ कंपनीची फाइल परत टाकून घ्या. दुसऱ्याने बदललेल्या नकाशावर बसून मूळ बिघाड शोधणं निव्वळ वेळेचा अपव्यय आहे.

बिलं काढून बसा

पाना उचलण्याआधी लेथवाल्याचं बिल वाचा. नवशिक्यांकडून हे हमखास राहून जातं, आणि निम्मं उत्तर अनेकदा तिथेच लिहिलेलं असतं. बोअर कितीचा केला? हेड फेसिंग केलं का (हेडचा पृष्ठभाग घासून सपाट करणं), आणि किती मटेरियल काढलं? हेड गॅस्केट मूळ जाडीचं होतं का? क्रँक ग्राइंड केला का?

हे का विचारायचं ते आकड्यांत पाहू. या इंजिनाचा बोअर ८१ मिमी, स्ट्रोक ८६.४ मिमी, एकूण १७८१ सीसी. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे आतलं मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा, साडेनऊच्या आसपास. म्हणजे एका सिलिंडरचं स्वेप्ट व्हॉल्यूम (पिस्टन खाली-वर होताना व्यापतो ती जागा) सुमारे ४४५ सीसी, आणि पिस्टन वर असताना उरणारी जागा सुमारे ५२.४ सीसी. हेडवरून ०.३ मिमी काढलं तर या उरलेल्या जागेतून जास्तीत जास्त दीड सीसी जाते आणि रेशो ९.७५ च्या घरात पोहोचतो. सोबत अर्धा मिमी ओव्हरसाइज पिस्टन बसवले असतील, तर स्वेप्ट व्हॉल्यूम ४५० सीसीच्या वर जातं आणि रेशो आणखी दशांशभर चढतो. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण ईसीयूमधला ठिणगीचा नकाशा साडेनऊसाठी लिहिलेला आहे, आणि मे महिन्यातल्या चाळीस अंशांच्या दुपारी त्यात एवढी जागा शिल्लक राहतेच असं नाही.

हेड खाली सरकलं की कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) आणि क्रँकमधलं अंतरही कमी होतं, त्यामुळे कॅम अगदी किंचित मागे पडतो. तो परिणाम एका दातापेक्षा खूपच लहान असतो, त्याची काळजी करत बसू नका.

आवाज नेमका कसला आहे

बांधलेल्या इंजिनात आवाजांची गर्दी असते, आणि सगळ्यांनाच नॉकिंग म्हणायची आपल्याला सवय आहे. खरं नॉक लोडबरोबर येतं: चढ, जास्त बूस्ट, गरम हवा. पाय सोडला की त्याच क्षणी जातं. आयडलला, बोनेट उघडून उभं राहिल्यावर ऐकू येणारी कटकट नॉक नसते. ती टॅपेटची, चेन टेन्शनरची किंवा इंजेक्टरची असते. थंड इंजिनात येणारा आणि गरम झाल्यावर कमी होणारा बोथट आवाज बहुधा पिस्टन स्लॅपचा, म्हणजे पिस्टन बोअरच्या भिंतीवर आपटण्याचा; फोर्ज्ड पिस्टन सैल क्लिअरन्सने बसवले असतील तर तो येणारच. बिग-एंड बेअरिंगचा ठोका जड आणि खोल असतो आणि ऑइल प्रेशरबरोबर बदलतो. तो ऐकू आला तर हा लेख बाजूला ठेवा आणि ऑइल पॅन काढा.

कानाने ठरत नसेल तर एक जुनी युक्ती करा. तांब्याच्या नळीचं एक टोक ठोकून चपटं करा, त्याला भोक पाडून ते ब्लॉकवरच्या एखाद्या रिकाम्या बोल्टच्या जागी घट्ट बसवा. दुसऱ्या टोकाला रबरी पाइप जोडून तो खिडकीतून आत आणा आणि कारखान्यात वापरतात त्या कानबंदात खोचा. ऐकणारा माणूस शेजारच्या सीटवर बसलेला हवा, स्टिअरिंगवर नाही. ८१ मिमी बोअरमध्ये नॉकची घंटी सुमारे ७ किलोहर्ट्झला वाजते, म्हणून नळीतून ती धातूच्या तीक्ष्ण टिकटिकीसारखी स्पष्ट वेगळी कळते. एकदा ऐकली की पुन्हा चूक होत नाही.

स्कॅनर लावा, पण फॉल्ट लगेच पुसू नका

साधा ब्लूटूथ स्कॅनर इथे अपुरा पडतो, कारण तो सिलिंडरनिहाय रिटार्ड (ईसीयूने ठिणगी किती अंश मागे घेतली) दाखवत नाही. या गाड्यांसाठी व्हीसीडीएस (फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांचं स्कॅनर सॉफ्टवेअर) किंवा मेजरिंग ब्लॉक, म्हणजे ईसीयूच्या थेट आकड्यांचे क्रमांक दिलेले ग्रुप, वाचू शकणारं दुसरं साधन हवं. आधी सगळे फॉल्ट लिहून किंवा फोटो काढून ठेवा. आपल्या कामाचे नेहमीचे हे:

पी०३२७ म्हणजे पहिल्या नॉक सेन्सरचा सिग्नल कमी, पी०३३२ म्हणजे दुसऱ्याचा. यांपैकी काही असेल तर ईसीयू ऐकूच शकत नाही, म्हणून सुरक्षिततेसाठी ठिणगी सरसकट मागे घेतो. गाडी मंद लागते, पण नॉक झालेलंच नसतं.

पी१३४० म्हणजे कॅम आणि क्रँकचे सिग्नल एकमेकांशी जुळत नाहीत. इंजिन नुकतं बांधलेलं असताना हा कोड आला तर बेल्ट किंवा चेनवर संशय घ्यायचा, आधी सेन्सर विकत आणायला धावायचं नाही. पी०१७१ मिश्रण पातळ झाल्याचं सांगतो. पी०३०० ते पी०३०४ मिसफायरचे, म्हणजे सिलिंडरमधलं जळणं हुकल्याचे.

बेल्ट, चेन आणि खोटी खूण

एक गैरसमज आधी दूर करू. बेल्ट एक दात चुकला तर ठिणगीचं टायमिंग चुकत नाही. ठिणगी क्रँकवरून मोजली जाते. कॅम सेन्सर फक्त पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर आहे की एक्झॉस्टवर, एवढंच सांगतो. चुकतं ते व्हॉल्व्हचं टायमिंग. एक दात म्हणजे क्रँकचे पंधराएक अंश. कॅम पुढे गेला असेल तर इनटेक व्हॉल्व्ह लवकर मिटतात, कमी आरपीएमला सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंडली जाते आणि खालच्या आरपीएमला नॉक वाढतं. कॅम मागे पडला असेल तर खाली गाडी मेलेली आणि वर बरी. टायमिंग लाइट लावून बसलेल्या माणसाला यातलं काहीच दिसणार नाही, कारण ठिणगी आपल्या जागेवरच असते.

तपासणी अशी. बॅटरी काढा, चारही प्लग काढा, म्हणजे क्रँक हाताने हलका फिरेल. क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून, नेहमी फिरतो त्याच दिशेने फिरवा. पुलीवरची खूण खालच्या कव्हरच्या बाणासमोर आली की कॅम पुलीची खूण हेड कव्हरवरच्या खुणेसमोर यायला हवी. हे व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळू शकणारं इंजिन आहे. कुठे अडलं तर जोर लावू नका, थांबा.

खुणा जुळल्या म्हणून लगेच पुढे जाऊ नका. क्रँक पुली रबर डॅम्परची असते. जुन्या पुलीचं बाहेरचं कडं रबरावर सरकलेलं असेल तर खूणच खोटी ठरते आणि बेल्ट त्या खोट्या खुणेला प्रामाणिकपणे बसवला जातो. खरा टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर असण्याची जागा) शोधायचा तर पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकातून पिस्टन स्टॉप घाला. जुन्या प्लगची आतली चिनी माती काढून, त्यात गोल टोकाचा बोल्ट बसवून तो घरीही बनवता येतो. क्रँक हळूच फिरवून पिस्टन टेकला की पुलीवर खूण करा. उलट्या दिशेने हळू फिरवून पुन्हा टेकला की दुसरी खूण. दोन खुणांमधल्या लहान कमानीचा मध्य हा खरा टीडीसी. उलटं फिरवताना बेल्ट सैल पडत नाही ना, याकडे लक्ष ठेवा, आणि स्टॉप काढल्याशिवाय स्टार्टरला हात लावू नका.

पुढची जागा हेड कव्हरखाली आहे आणि बरेच जण ती सोडून देतात. बेल्ट फक्त एक्झॉस्ट कॅम फिरवतो. इनटेक कॅम दुसऱ्या टोकाच्या लहान चेनने फिरतो. दोन्ही कॅमवरच्या खुणांमध्ये चेनचे १६ रोलर असायला हवेत. पंधरा किंवा सतरा भरले तर पुढचा सगळा तपास थांबवा. बाहेरच्या सगळ्या खुणा जुळत असतानाही हे चुकलेलं असू शकतं. टेन्शनर काढून बसवताना ही चूक फार सहज होते.

क्रँक ग्राइंडिंगला गेला असेल तर आणखी एक गोष्ट. ईसीयू ज्याचे दात मोजतो ते ६० वजा २ दातांचं चाक (साठ दातांच्या जागा, दोन मोकळ्या) या ब्लॉकमध्ये आत, क्रँकवरच स्क्रूने बसवलेलं असतं. ग्राइंडिंगआधी ते काढावं लागतं. ते वाकलं, एखादा दात ठोकला गेला किंवा स्क्रू नीट बसले नाहीत तर सिग्नल अधूनमधून तुटतो आणि वरच्या आरपीएमला मिसफायर येतो. ऑसिलोस्कोप असलेला इलेक्ट्रिशियन गाठा. दातांच्या लाटा एकसारख्या उंचीच्या दिसल्या पाहिजेत आणि दोन दातांची फट एका फेरीत एकदाच.

यानंतर कॉम्प्रेशन घ्या. चारही सिलिंडर एकमेकांजवळ असणं हे आकड्यापेक्षा महत्त्वाचं आहे. ३ बारपेक्षा जास्त फरक कंपनीलाही मान्य नाही. नव्या रिंग अजून बसल्या नसतील तर आकडे थोडे खाली येतील. चारही सिलिंडर एकसारखेच फार कमी आले तर पुन्हा कॅमकडे वळा.

नॉक सेन्सर: २० न्यूटन-मीटर, वॉशर नाही

सगळ्या तपासात सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, आणि दुरुस्ती सगळ्यात स्वस्त असते. दोन सेन्सर ब्लॉकवर, इनटेक मॅनिफोल्डच्या खाली बसतात. आत पिझो स्फटिक असतो आणि तो ब्लॉकची थरथर ऐकतो. किती जोराने आवळलाय त्यावर त्याला किती ऐकू येतं ते ठरतं. म्हणून बोल्ट टॉर्क रेंचने २० न्यूटन-मीटरलाच आवळायचा. सैल राहिला तर बहिरा, जास्त आवळला तर भेदरट, क्वचित फुटतोही. खाली वॉशर, सिलिकॉन, रंगाचा थर काही नको. बांधताना ब्लॉक रंगवला असेल तर ती जागा खरवडून धातू उघडा करा.

मीटरने फार काही कळत नाही. चांगल्या सेन्सरचा रेझिस्टन्स जवळजवळ अमर्याद दिसतो. शॉर्ट दिसला तर मात्र तो खराब. वायरिंग नीट बघा. मॅनिफोल्ड बसवताना केबल चिरडणं आणि दोन्ही कनेक्टरची अदलाबदल, या दोन्ही चुका होतात. पहिला सेन्सर सिलिंडर १-२ ऐकतो, दुसरा ३-४. हे लक्षात ठेवा, लॉग (गाडी पळवताना स्कॅनरने नोंदवलेले आकडे) वाचताना लागेल.

काही ठिकाणी यावर "इलाज" म्हणून सेन्सर मुद्दाम सैल करतात किंवा त्याखाली रबर घालतात. ईसीयूला ऐकू येईनासं होतं, गाडी दोन दिवस झकास पळते. पिस्टन मात्र तेवढाच मार खात असतो, फक्त आता त्याला वाचवणारं कोणी नसतं. असं केलेलं दिसलं तर त्या गॅरेजमधली बाकीची कामंही पुन्हा तपासून घ्या.

प्लग आणि कॉइल

मूळ उष्णतेचा किंवा एक पायरी थंड प्लग वापरा, गॅप ०.७ ते ०.८ मिमी. दुकानात एक सापळा आहे: एनजीकेमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, ६ पेक्षा ७ थंड. बॉशमध्ये नेमकं उलटं, मोठा आकडा म्हणजे गरम. "एक नंबर वरचा द्या" असं मागितलं आणि ब्रँड बदलला, तर नॉक वाढवणारा प्लग हातात पडतो.

काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने ठेवा आणि भिंगाखाली पाहा. चिनी मातीवर काळे ठिपके तेलाचे असू शकतात. चंदेरी चमकते कण दिसले तर ते पिस्टनच्या अ‍ॅल्युमिनियमचे आहेत. मग गाडी सुरू करू नका, आधी बोअरस्कोपने आत पाहा.

कॉइल या पिढीचा कुप्रसिद्ध भाग आहे. त्यांचा मिसफायर बूस्टमध्ये नॉकसारखाच धक्का देतो.

हवा आणि पेट्रोल

पातळ मिश्रण गरम जळतं आणि नॉक करतं, म्हणून हवेची गळती आधी काढा. मास एअरफ्लो सेन्सरपासून (आत येणारी हवा मोजणारा) पुढे सगळा मार्ग बंद करून कॉम्प्रेसरने हळूहळू हवा भरा. अर्धा बार पुरे, एक बारच्या वर कधी नाही. साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा. बांधलेल्या इंजिनात क्लॅम्प सैल राहणं, ब्रीदरचा (क्रँककेसमधली वाफ बाहेर नेणारा) पाइप विसरणं, मॅनिफोल्ड गॅस्केट वाकडं बसणं हे नेहमीचं.

मग गाडी गरम करून ग्रुप ०३२ पाहा. यात ट्रिम दिसते, म्हणजे ईसीयू स्वतःहून पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो ते. पहिला आकडा आयडलचा, दुसरा चालत्या लोडचा. दोन्ही अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत हवेत. फक्त पहिला वर असेल तर व्हॅक्युम गळती. दुसरा वर असेल तर मास एअरफ्लो सेन्सर थकलाय किंवा पेट्रोलचा दाब कमी आहे. ३ बारच्या रेग्युलेटरवर आयडलला दाब सुमारे अडीच बार असतो आणि व्हॅक्युम पाइप काढला की तीनवर जातो. फुल लोडला एअरफ्लोचा आकडा प्रति सेकंद ग्रॅममध्ये घेऊन ०.८ ने भागलं तर साधारण हॉर्सपॉवर निघते. दीडशे हॉर्सपॉवरच्या गाडीत १२० ग्रॅमच्या आसपास अपेक्षा ठेवा.

पेट्रोलबद्दल. आता बहुतेक पंपांवर इ२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं आणि सरकारच्या म्हणण्याप्रमाणे त्याचा ऑक्टेन, म्हणजे नॉक सोसण्याची क्षमता, ९५ आहे. इथेनॉल नॉकला अडवतं, त्या बाजूने हे चांगलंच. पण इथेनॉलसाठी हवा कमी लागते: शुद्ध पेट्रोलचं आदर्श प्रमाण १४.७ ला १, इ२० चं साधारण १३.५ ला १. जुन्या ईसीयूला हे माहीत नसतं. आयडल आणि मध्यम लोडला तो लॅम्ब्डा सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) पाहून भरपाई करतो, म्हणून ट्रिम थोडी अधिककडे दिसली तर घाबरू नका. फुल लोडला मात्र इंजेक्टर आणि पंप थकलेले असतील तर मिश्रण पातळ पडू शकतं. बाहेरून वाइडबँड (मिश्रण अचूक मोजणारा सेन्सर) लावलात तर लॅम्ब्डामध्येच वाचा (१ म्हणजे आदर्श प्रमाण, त्याखाली म्हणजे घट्ट मिश्रण), बूस्टमध्ये ०.८० ते ०.८५ हवा, एअर-फ्युएलच्या आकड्यांत वाचाल तर इ२० मुळे फसाल.

काम चालू असताना गाडी महिनोनमहिने उभी होती का? मग टाकीतलं पेट्रोल काढून टाका. तपासासाठी एकदा एक्सपी १०० (इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेनचं पेट्रोल) भरणं हा खर्च नसून चाचणी आहे: त्याने रिटार्ड लक्षणीय उतरला तर नॉक खरं, जराही हलला नाही तर आवाज दुसराच.

आता लॉग घ्या

नव्या रिंग बसल्यानंतर आणि पहिलं ऑइल बदलल्यानंतरच. शक्यतो डायनोवर (गाडी जागच्या जागी रोलरवर पळवायचं यंत्र), नसेल तर मोकळा, सरळ, वाहतूक नसलेला रस्ता आणि लॅपटॉपवर दुसरा माणूस.

इग्निशन चालू, इंजिन बंद असताना ग्रुप ११५ पाहून सुरुवात करा. बूस्टचा आकडा अ‍ॅब्सोल्यूट मिलिबारमध्ये असतो, म्हणजे या क्षणी तो वातावरणाचाच दाब दाखवायला हवा: मुंबईत हजारच्या जवळपास, पुण्यात साडेनऊशेच्या आसपास. फरक मोठा असेल तर सेन्सरच चुकतोय. तापमानही स्कॅनरवर वाचा. डॅशवरची सुई ठरावीक पट्ट्यात ९० वर स्थिर राहते. कूलिंगमध्ये हवा अडकून हेड तापलेलं असलं तरी ती लगेच सांगत नाही.

मग तिसरा गिअर, २००० आरपीएमपासून पूर्ण पाय, साडेपाच-सहा हजारांपर्यंत. ०२० मध्ये चारही सिलिंडरचा रिटार्ड, ००३ मध्ये आरपीएम, हवा आणि ठिणगीचा कोन, ११५ मध्ये मागितलेलं आणि मिळालेलं बूस्ट. आत येणाऱ्या हवेचं तापमान वेगळ्या फेरीत घ्या, कारण जास्त ग्रुप लावले की वाचनं विरळ होतात. दोन फेऱ्यांमध्ये इंजिन थंड होऊ द्या. या गाडीचा इंटरकूलर लहान आहे आणि पुढच्या चाकाच्या कमानीत कोंबलेला आहे, त्यामुळे लागोपाठची तिसरी फेरी नेहमी वाईटच दिसते.

वाचायचं कसं? तीन अंशांपर्यंतचा रिटार्ड नेहमीचा. ईसीयू काठावर चालतो, अधूनमधून चाचपणार. सहाच्या वर सतत गेला तर पाय काढा.

आकड्यापेक्षा नमुना बोलका असतो. चारही सिलिंडर सोबत, बूस्ट चढताना २५०० ते ३५०० मध्ये मागे जात असतील तर पेट्रोल, उष्णता किंवा वाढलेला कॉम्प्रेशन रेशो. बिलावरचे आकडे इथे कामी येतात. फक्त १-२ किंवा फक्त ३-४ जोडीने जात असतील तर त्या बाजूचा सेन्सर किंवा वायर. मिळालेलं बूस्ट मागितल्यापेक्षा वर जात असेल तर टर्बोच्या कंट्रोल व्हॉल्व्हचे पाइप उलटे बसलेत का ते पाहा, किंवा वेस्टगेट (टर्बोला बगल देऊन जादा एक्झॉस्ट सोडणारी झडप) अडकलाय. फक्त वरच्या आरपीएमला रिटार्ड आणि लॅम्ब्डा ०.९ च्या वर सरकतोय, तर पेट्रोल पुरत नाही. रिटार्ड लोडशी नातं न ठेवता केवळ आरपीएमबरोबर येतो, एक्सपी १०० ने हलत नाही, नळीतही ती टिकटिक नाही, तर ती खोटी नॉक आहे: ब्लॉकला टेकणारा ब्रॅकेट, सैल माउंट, खडखडणारा हीट शील्ड, सैल पिस्टन. ग्रुप ०२६ मध्ये नॉक सेन्सरचे व्होल्टेज पाहा. हलक्या पायालाही एकाच सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा कायम खूप वर असेल तर तिथे यांत्रिक आवाज आहे.

एकच सिलिंडर अडलाय

समजा तिसराच नऊ अंश मागे जातोय. त्याची कॉइल दुसऱ्यावर न्या, लॉग घ्या. मग प्लग. मग इंजेक्टर. एका वेळी एकच वस्तू. रिटार्ड वस्तूबरोबर सरकला तर ती वस्तू दोषी. चारही इंजेक्टर मोजपात्रात ठरावीक सेकंद सोडून पाहिले की कमी देणारा लगेच दिसतो.

सगळं बदलूनही नॉक तिसऱ्यातच राहिलं तर दोष सिलिंडरच्या आत आहे. बोअरस्कोपने पिस्टनचा माथा पाहा. ओलसर, तेलकट असेल तर रिंग बसलेल्या नाहीत, व्हॉल्व्ह सील गळतंय किंवा टर्बोचं सील तेल सोडतंय. मात्र टर्बोचं तेल असेल तर ते चारही सिलिंडरकडे जातं. तेल पेट्रोलमध्ये मिसळलं की मिश्रणाचा ऑक्टेन उतरतो, म्हणून तेल जाळणारं बांधलेलं इंजिन उत्तम पेट्रोलवरही नॉक करतं. ब्रीदरचा व्हॉल्व्ह बदलून आणि रिंग बसायला आणखी काही किलोमीटर देऊन पाहा. हेड फेसिंगनंतर चेंबरच्या कडेला धारदार काठ राहिला असेल तर तोही तापून लाल होतो. पण तो गोल करायला हेड पुन्हा उतरवावंच लागतं.

रेशो वाढल्यामुळेच चारही सिलिंडर नॉक करतात हे पक्कं झालं तर दोन रस्ते आहेत. जाड मल्टिलेयर स्टील गॅस्केट घालून रेशो खाली आणायचा, किंवा चांगल्या ट्यूनरकडून बूस्टच्या भागात दोन-तीन अंश कमी आणि थोडं कमी बूस्ट असलेली फाइल लिहून घ्यायची. रोजच्या गाडीला मी दुसरा रस्ता निवडेन. गॅस्केट जाड केलं की पिस्टन आणि हेडमधली फट वाढते आणि मिश्रण ढवळणं कमी होतं, त्याने मिळालेला फायदा थोडा परत जातो. शिवाय हेड उतरवण्याचा खर्च फाइलच्या खर्चापेक्षा बराच जास्त येतो.

दुरुस्तीनंतर फॉल्ट पुसा, ग्रुप ०६० मध्ये थ्रॉटल अ‍ॅडॅप्टेशन करा, आणि ट्रिम नव्याने बसायला दोनेकशे किलोमीटर साध्या पायाने चालवा. मग त्याच रस्त्यावर, साधारण त्याच तापमानाला, त्याच गिअरमध्ये तोच लॉग पुन्हा घ्या आणि जुन्या लॉगशेजारी ठेवा.